लहान महिला संस्थेला सरकारी अनुदान कसे मिळते? बीड जिल्ह्यातील एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

धारूर तालुक्यात तुम्ही अकरा जणींनी मिळून तीन वर्षांपूर्वी संस्था नोंदवली, एकल महिलांसाठी आणि घरातील मारहाणीमुळे बाहेर पडावे लागलेल्या बायकांसाठी काम सुरू केले, आणि आता पदरचे पैसे संपत आल्यामुळे सरकारी अनुदान कोठून व कसे मिळेल, असे तुम्ही विचारले आहे. अंबाजोगाईच्या भागात अशाच एका संस्थेचे हिशेब आणि प्रस्ताव मी बरीच वर्षे सांभाळत आले आहे, त्यामुळे जे प्रत्यक्ष करून कळले तेच लिहिते.

सर्वांत आधी हे लक्षात घ्या की सरकार संस्थेला पैसे देत नाही, योजनेला देते. तुमचे काम कितीही चांगले असले तरी ‘आमच्या संस्थेस अनुदान मिळावे’ या मजकुराच्या अर्जाला कोणत्याही कार्यालयात लेखाशीर्ष (ज्या सरकारी खात्यातून खर्च टाकायचा ते सदर) सापडत नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये महिलांच्या बहुतेक योजना ‘मिशन शक्ती’ या एका छत्राखाली आणल्या. त्यातील ‘संबल’ या भागात पीडित स्त्रीला एकाच ठिकाणी सगळी मदत देणारे सखी वन स्टॉप सेंटर आणि १८१ ही हेल्पलाइन येते व त्याचा सगळा खर्च केंद्र उचलते, तर ‘सामर्थ्य’ या भागात निराधार आणि पीडित स्त्रियांसाठी शक्ती सदन, नोकरदार स्त्रियांसाठी सखी निवास, मुलांसाठी पाळणाघर अशा योजना असून त्यांचा खर्च आपल्या राज्यात केंद्र आणि राज्य ६० : ४० या प्रमाणात वाटून घेतात. पूर्वीच्या स्वाधार आणि (गॅसची नव्हे, तर देहव्यापारासाठीच्या तस्करीतून सुटलेल्या स्त्रियांसाठीची) उज्ज्वला या योजनाच आता शक्ती सदन झाल्या आहेत. तुमच्या कामाला यातील शक्ती सदन सर्वांत जवळचे आहे, पण तेथे राहण्याची जागा, पूर्णवेळ कर्मचारी आणि सुरक्षिततेची व्यवस्था दाखवावी लागते, त्यामुळे पहिल्याच वर्षी त्याच्या मागे लागू नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

यात उशीर ठरलेलाच असतो. आपल्या जिल्ह्यात त्या उशिराचा जो परिणाम होतो, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. सरकारचे वर्ष मार्चअखेरीस संपते, नवीन हप्ता मागच्या पैशांचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) मंजूर झाल्यावरच निघतो, आणि तो केंद्राकडून राज्याकडे, तेथून जिल्ह्याकडे येईपर्यंत पावसाळा लागतो. इकडे ऊसतोडीच्या टोळ्या मार्च-एप्रिलमध्ये कारखान्यांवरून परत येतात, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही म्हणून घरात भांडणे होतात, आणि आमच्या रजिस्टरमध्ये एप्रिल ते जून या तीन महिन्यांची पाने सर्वांत आधी भरतात. म्हणजे बायका येतात तेव्हाच संस्थेच्या खात्यात पैसे नसतात. हे टाळण्यासाठी किमान चार महिन्यांचे मानधन भागेल एवढी रक्कम लोकवर्गणीतून आणि सभासदांच्या बचतीतून वेगळी ठेवा आणि तिला इतर कशासाठीही हात लावू नका.

आमच्यावर जे गुदरले ते सांगते. एका वर्षी समुपदेशन केंद्राच्या अनुदानाच्या खात्यावर बँकेने सहाशे बत्तीस रुपये व्याज जमा केले आणि ते उपयोगिता प्रमाणपत्रात दाखवायचे माझ्याकडून राहून गेले. अनुदानावरील व्याजही सरकारचेच असते, ते हिशेबात दाखवून परत करावे लागते, हा नियम योग्यच आहे. परंतु ती त्रुटी आम्हाला कळवायलाच संबंधित कार्यालयाला पाच महिने लागले, आणि तोपर्यंत दुसरा हप्ता अडकून राहिला. आमची समुपदेशक त्या पाच महिन्यांत एक दिवसही गैरहजर राहिली नाही. दुपारी ती बायकांचे जबाब लिहून घ्यायची आणि रात्री घरी ब्लाउज शिवायची, तिच्या पिशवीत केस-पेपरच्या शेजारी मापाची टेप असायची, आणि ती टेप दिसली की मला मान वर करून तिच्याशी बोलवत नसे. तेव्हापासून अनुदानासाठी स्वतंत्र बँक खाते, दर महिन्याला पासबुकाशी ताळमेळ आणि प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का, या तीन गोष्टींत मी कधीही सूट दिलेली नाही.

आता तुम्ही लगेच काय करू शकता ते पाहू. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते, आणि जिल्हा परिषदेच्या सेस निधीतूनही (तिच्या स्वतःच्या उत्पन्नातूनही) महिला व बालकल्याण समितीसाठी १० टक्के तरतूद असते. लहान गावात घरपट्टी-पाणीपट्टीच जेमतेम वसूल होते, त्यामुळे ही रक्कम काही हजारांतच असेल, पण ती कोठे गेली हे विचारण्याचा हक्क गावातील प्रत्येक बाईला आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे. ती सभा पुष्कळ गावांत फक्त सह्यांपुरती उरली आहे, म्हणून तुमच्या अकरा जणींनी आपापल्या गावात ती प्रत्यक्ष भरवावी, या निधीतून कायदेविषयक शिबिर किंवा एकल महिलांचे सर्वेक्षण व्हावे असा ठराव मांडावा आणि ग्रामसेवकाकडून (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) ठरावाची नक्कल घ्यावी. पुढे जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे प्रस्ताव देताना दहा गावांचे असे ठराव सोबत असले, तर तुमच्या शब्दाला वजन येते.

दुसरी पायरी म्हणजे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १० खाली ‘सेवा पुरवणारी संस्था’ म्हणून नोंदणी करणे. त्यासाठी अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, तो तुमचा आता पूर्ण होत आहे. या नोंदणीने पैसे मिळत नाहीत, परंतु पीडितेच्या संमतीने घटनेचा अहवाल लिहून दंडाधिकारी आणि संरक्षण अधिकाऱ्यांकडे पाठवण्याचा अधिकार मिळतो. मला विचाराल तर पहिल्या अनुदानापेक्षा या अधिकाराची किंमत जास्त आहे.

कागदपत्रांत धर्मादाय कार्यालयाकडील बदल अर्ज हा आपल्याकडे हमखास राहतो. कार्यकारिणी बदलली, पण बदल अर्ज मंजूर नाही, या एका कारणावरून चांगले प्रस्ताव परत आलेले मी पाहिले आहेत. त्याशिवाय दरवर्षीचा लेखापरीक्षण अहवाल, संस्थेचे पॅन आणि स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील क्रमांक तयार ठेवा. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी (सीएसआर) आयकर खात्याकडे करसवलतीची नोंदणी आणि सीएसआर-१ अर्ज लागतो, तो विषय मात्र वेगळा आहे. तुमच्याकडील ज्या बायकांना शेळी, शिलाई किंवा किराणा यांसाठी भांडवल हवे आहे, त्यांना उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) किंवा माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) बचत गटात जोडून द्या. तेथे फिरता निधी आणि बँक कर्जाची घडी बसलेली आहे, ती संस्थेने नव्याने उभारण्याचे कारण नाही.

केवळ एकाच अनुदानावर संस्था उभी करू नका, हे मी काळजीपोटी लिहिते. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेल्या केंद्रीय समाज कल्याण मंडळाने अनेक दशके लहान महिला संस्थांना कुटुंब समुपदेशन केंद्रांसाठी पैसे दिले, आणि अलीकडे ते मंडळच बंद करण्यात आले. ज्या संस्थांचा सगळा संसार त्या हप्त्यावर होता, त्यांना तो मोडावा लागला.

प्रस्तावातील गरज लिहिताना इंटरनेटवरील परिच्छेद उतरवू नका. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, आणि २०१९ मध्ये ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. एवढी पार्श्वभूमी दोन ओळींत पुरते. त्यापुढे तुमच्या रजिस्टरमधील आकडे महिन्यावार द्या : किती जणी आल्या, किती जणी टोळीवरून परतलेल्या होत्या, किती जणींना रात्री थांबायला जागा हवी होती आणि किती जणींना ती देता आली नाही. ते रजिस्टर आजपासूनच दोन भागांत ठेवा. रोजच्या वहीत फक्त क्रमांक, गाव आणि कामाचे स्वरूप असावे, आणि नावांची वही कुलपात, एकीच्याच जबाबदारीवर असावी, कारण तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला आकडे दाखवावे लागतात, पण आलेल्या बाईचे नाव टेबलावर उघडे पडता कामा नये.