आपण कर भरायचा आणि सरकारने फुकट वाटायचं, याचा तुम्हाला राग येत नाही का?

येतो. पण तुमचा राग आणि माझा राग वेगवेगळ्या ठिकाणी बसलाय.

तुम्ही माझ्या पोस्टखालच्या कमेंटमध्ये लिहिलंय की पगारातून कर कापला जातो, तो लाडकी बहीणसारख्या योजनांत जातो आणि मध्यमवर्गाच्या हाती काहीच येत नाही. मी पुण्यात एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. दर महिन्याला तीनशे जणांच्या पगाराचे आकडे डोळ्यांखालून जातात. त्यात एक ओळ अशी आहे की तिच्याबद्दल सहसा कुणी तोंड उघडत नाही : पी.टी., म्हणजे व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत मात्र ३००, कारण वर्षाचे २५०० भरायचे असतात. मार्च उजाडला की नव्याने लागलेला एखादा पोरगा येतो, "सर, मागच्या महिन्यात शंभर जास्त गेले." मग मी त्याला बसवून घेतो. बिचारा शंभर रुपयांसाठी आलेला असतो आणि त्याला दुष्काळ ऐकावा लागतो.

हा कर महाराष्ट्रात १९७५ मध्ये आला तो रोजगार हमीसाठी. वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते, कल्पना त्यांची. मागेल त्याला काम द्यायचं. त्यासाठी शहरातल्या पगारदाराने महिन्याला थोडं काढायचं आणि जेवढं जमा होईल तेवढीच भर सरकारने आपल्याकडून घालायची, असं ठरलं. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. केंद्राचा रोजगार हमी कायदा यायला २००५ उजाडलं. म्हणजे "आपण भरायचं आणि त्यांना द्यायचं" हे कालपरवाचं नाही. पन्नास वर्षं आपल्या पगाराच्या चिठ्ठीवर आहे, आपण वाचत नाही एवढंच.

मला हे माहीत असायचं कारण अकाउंट्स नव्हे, आजी. आमचं गाव माण तालुक्यात. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची, पुढे रोजगार हमीत पाझर तलावावर पाट्या वाहिल्या. डाव्या भुवईत दगडाची कपची घुसल्याची खूण शेवटपर्यंत होती. त्या वेळची तांबडी मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, खाऊन तिला ज्वारीच्या भाकरीची अशी काही किंमत कळली होती की ताटात तुकडा टाकलेला तिला खपायचा नाही. तो तलाव अजून आहे. गाळाने निम्मा भरलाय, तरी चांगला पाऊस झाला की खालच्या विहिरींना दिवाळीनंतरही पाणी असतं. म्हणून मला कुणी "कर भरून काय मिळालं" विचारलं की आधी तो तलावच डोळ्यांपुढे येतो. त्या मजुरीतला थोडा पैसा मुंबई-पुण्यातल्या कुठल्यातरी कारकुनाच्या चिठ्ठीतून आला असणार.

आता माझा राग. व्यवसाय कराची वर्षाची कमाल मर्यादा राज्यघटनेतच घातलीय. १९८८ मध्ये ती २५० वरून २५०० केली, तेव्हापासून तिथेच. आमच्याकडे महिना ११ हजारांवर लागलेला पोरगा २५०० भरतो आणि त्याचा डायरेक्टरही २५००च भरतो. (२५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना २०२३ पासून माफ आहे, ते बरं केलं.) यावर ऑफिसात कुणी चिडलेलं मी पाहिलं नाही. चिडतात ते लाडकी बहीणच्या महिन्याच्या दीड हजारावर. त्यातही गंमत बघा. कँटीनमध्ये "आमच्या टॅक्सचा पैसा" म्हणून सगळ्यात मोठ्याने बोलणारा आमचा एक मित्र आहे. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर शून्य झाला, पगारदाराला ७५ हजारांची वजावट धरून पावणेतेरा लाख. त्याचं मीच काढून दिलं : शून्य. पेढे वाटले त्याने. ते फुकट नव्हतं म्हणे, तो दिलासा होता.

आणि कर फक्त आपणच भरतो हेही खरं नाही. बिस्किटाच्या पुड्यावर २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के जीएसटी होता. आमच्या गावातला गडी चहात बुडवून खायचा त्या बिस्किटावरसुद्धा.

लाडकी बहीण मला आवडते का? घोषणेची वेळ अजिबात नाही. जून २०२४ मध्ये घोषणा, नोव्हेंबरात विधानसभा. रोजगार हमी हा हक्क होता, काम मागितलं की सरकारने द्यायचं. इथे भाऊ देतो आणि बहिणीने ओवाळायचं, फ्लेक्सवर फोटो भावांचे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तिला ३६ हजार कोटी ठेवलेत. एवढ्या पैशात गाळ काढायचे तलाव किती झाले असते, हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही.

पण मग आजीचंच एक वाक्य आडवं येतं. मी लहानपणी विचारलं होतं, पगार किती मिळायचा गं? म्हणाली, "मला काय ठावं? खडी म्या फोडायची, पैसं तुजा आजा घ्यायचा." मुकादम नावं पुकारायचा आणि बायकांच्या मजुरीला पुरुष उभे राहायचे. दीड हजार निदान बाईच्या स्वतःच्या खात्यावर येतात. गावाकडे माझ्या चुलतभावाची बायको गेल्या दिवाळीत ई-केवायसीसाठी गच्चीवर चढली होती, खाली ओटीपी येत नव्हता म्हणून. त्यात नवऱ्याचाही आधार नंबर लागत होता, तो रानात, त्याचा फोन बंद. दोन तास मीही खाली शिडी धरून. त्या पैशाचं काय करते विचारलं तर थेट सांगेना. नंतर कळलं, भिशी लावलीय. कशासाठी ते अजून भावालाही ठाऊक नाही.

मी तिला तलावाचा, गाळाचा, ३६ हजार कोटींचा सगळा हिशेब सांगितला. तिने वरूनच ऐकून घेतला आणि म्हणाली, "भावजी, ते राहू द्या. दीड हजाराचे एकवीसशे करणार होते त्याचं काय झालं, ते विचारा तुमच्या पुण्यात कुणाला तरी."