शरीरात बसवलेला पेसमेकर बाहेरच्या यंत्राशी कसा बोलतो, आणि त्याला दुरून धोका असतो का?

आपल्या वडिलांना डॉक्टरांनी बिनतारी संपर्क साधणारा पेसमेकर सुचवला आहे. तो शरीराच्या आतून बाहेर माहिती कशी पाठवतो आणि कोणी दुरून त्यात ढवळाढवळ करू शकेल का, असे आपण विचारले आहे. मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना अँटेना हा विषय शिकवते आणि या क्षेत्रातील संशोधन जवळून वाचत आले आहे. वैद्यकीय सल्ला देण्याचा अधिकार मला नाही, परंतु तांत्रिक बाजू सांगू शकते. माझ्या मते आपल्या दोन्ही प्रश्नांचे मूळ एकाच ठिकाणी आहे: अशा उपकरणाजवळ खर्च करण्याजोगी ऊर्जा अत्यंत थोडी असते.

रेडिओलहरींच्या दृष्टीने मानवी शरीर हे अवघड माध्यम आहे. स्नायूंमध्ये पाणी आणि क्षार भरपूर असल्यामुळे लहरींची बरीच ऊर्जा वाटेतच शोषली जाते आणि तिची उष्णता होते. शिवाय लहरींची लांबीही आखडते. 403 मेगाहर्ट्झची लहर हवेत सुमारे 74 सेंटिमीटर लांबीची असते, तीच स्नायूंत जेमतेम 10 सेंटिमीटरची होते. त्यामुळे हवेत उत्तम चालणारी अँटेना शरीरात गेल्यावर बिघडल्यासारखी वागते, आणि म्हणूनच प्रयोगशाळेत पाणी, साखर व मीठ यांचे शरीराशी विद्युतदृष्ट्या मिळतेजुळते द्रावण करून त्यात तिची चाचणी घेतली जाते. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने 1999 मध्ये रोपित उपकरणांसाठी 402 ते 405 मेगाहर्ट्झ हा पट्टा खुला केला. तो हवामानखात्याच्या फुग्यांवरील रेडिओसॉन्ड, म्हणजे हवेची मोजमापे खाली पाठवणारी छोटी यंत्रे, हीही वापरतात, त्यामुळे दोघांना शेजारी नांदता यावे इतकी कमी, म्हणजे 25 मायक्रोवॅटची, मर्यादा उपकरणांवर आहे. जुन्या जीएसएम मोबाइलची कमाल शक्ती 2 वॅट, म्हणजे सुमारे ऐंशी हजारपट असे, हे लक्षात घेतले की आतला आवाज किती क्षीण आहे याची कल्पना येते.

ऊर्जेची ही चणचण पेसमेकरच्या जन्मापासूनची आहे. ऑक्टोबर 1958 मध्ये स्टॉकहोम येथे शल्यविशारद ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात पहिला पूर्णपणे रोपित पेसमेकर बसवला, तेव्हा त्यातील बॅटरी त्वचेच्या बाहेरून, विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने भारित करण्याची योजना होती. ते पहिले यंत्र काही तासांतच थांबले. लार्सन मात्र पुढे अनेक पेसमेकर बदलत 2001 पर्यंत, वयाच्या 86 व्या वर्षापर्यंत जगले. आजच्या उपकरणांची बॅटरी काही वर्षे पुरते, कारण हृदयाला ठोके देण्याचे काम अखंड चालू असले तरी रेडिओ बहुतेक वेळ झोपलेला असतो आणि ठरल्या वेळी किंवा गरजेपुरताच जागा होतो. अलीकडच्या काही पेसमेकरमध्ये कमी ऊर्जेचे ब्लूटूथ असून ते रुग्णाच्या मोबाइलमार्फत रुग्णालयाला माहिती पाठवतात.

बॅटरीच नको, असा विचार करणाऱ्या संशोधकांचे काम मला विशेष मोलाचे वाटते. हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांसाठी तयार झालेला कार्डिओमेम्स हा संवेदक फुप्फुसाच्या धमनीत बसवतात. त्यात केवळ एक वेटोळे आणि दाब पडला की किंचित वाकणारा एक धारित्र, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक (कपॅसिटर), असतो. दाब बदलला की त्यांची अनुनाद वारंवारता, म्हणजे ज्या वारंवारतेला ते सर्वाधिक प्रतिसाद देतात ती, बदलते. रुग्ण अँटेना असलेल्या उशीवर पडून राहतो, उशी बाहेरून ऊर्जा पुरवते आणि परत येणाऱ्या संकेतावरून दाब मोजते. अमेरिकेतील 550 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले आणि 2014 मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. त्या चाचणीची रचना फार बोलकी आहे. संवेदक सर्वच रुग्णांना बसवला होता, परंतु निम्म्यांचीच मोजमापे डॉक्टरांना रोज दिसत होती, आणि त्या गटात हृदय निकामी झाल्यामुळे रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण सहा महिन्यांत सुमारे 28 टक्क्यांनी कमी राहिले. लाभ झाला तो माहिती वेळेवर पोहोचून औषधांची मात्रा बदलता आली म्हणून. बिनतारी संपर्काला ऐषाराम समजणाऱ्यांना मी हेच उदाहरण देते.

आता सुरक्षिततेविषयी. 2008 मध्ये डॅनियल हॅल्परिन, केविन फू, तादायोशी कोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत दाखवून दिले की बाजारात असलेल्या एका डिफिब्रिलेटरचे, म्हणजे हृदयाची लय धोकादायकरीत्या बिघडल्यास विजेचा झटका देणाऱ्या रोपित यंत्राचे, संदेश वाचता येतात आणि त्याच्या उपचारांची मांडणी बदलताही येते. हे काही सेंटिमीटर अंतरावरून आणि कोणाच्याही शरीरात नसलेल्या यंत्रावर केले होते, तरी इशारा गंभीर होता. कडक कूटबद्धीकरण (संदेश गुप्त सांकेतिक रूपात पाठवणे) आणि ओळखतपासणी हा यावरचा सरळ उपाय वाटतो, पण प्रत्येक तपासणीला ऊर्जा लागते, आणि खोटे संदेश सतत पाठवून बॅटरी रिकामी करणे हाही हल्लाच आहे. म्हणून त्याच शोधनिबंधात त्यांनी अशी रचना सुचवली की ओळख पटेपर्यंतची सर्व ऊर्जा समोरच्याच्या रेडिओलहरींतून घ्यायची आणि रुग्णाची बॅटरी मुळीच वापरायची नाही. मला ही कल्पना आजही अत्यंत सुंदर वाटते.

दुसरी अडचण त्याहून नाजूक आहे. बेशुद्ध रुग्णाला अनोळखी गावातील रुग्णालयात नेले, तर तेथील डॉक्टरांना उपकरण उघडता आलेच पाहिजे. कुलूप फार पक्के झाले तर तेच जिवावर बेतेल. 2011 मध्ये अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठातील दीना कताबी यांच्या गटाने, केविन फू यांच्यासह, अंगावर घालायचे एक वेगळे साधन सुचवले. ते परक्या आज्ञा अडवते आणि आणीबाणीत नुसते काढून ठेवले की आतले उपकरण खुले होते.

प्रत्यक्ष व्यवहारात 2017 मध्ये अमेरिकेतील सुमारे 4,65,000 पेसमेकरमधील सुरक्षेची त्रुटी दूर करण्यासाठी आज्ञावलीची (सॉफ्टवेअरची) सुधारणा जाहीर झाली. ती रुग्णालयात जाऊनच, साधारण तीन मिनिटांत करायची होती, आणि त्या त्रुटीमुळे एकाही रुग्णाला इजा झाल्याची माहिती नसल्याचे तेथील अन्न व औषध प्रशासनाने तेव्हा सांगितले होते. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या डिफिब्रिलेटरची बिनतारी सोय 2007 मध्ये बंद करून घेतली होती हे खरे, पण ज्यांच्यावर हल्ला होण्याची शक्यता वेगळीच असते अशा व्यक्तीचा तो निर्णय होता. आपल्या वडिलांसाठी घरबसल्या होणारी देखरेख बंद करण्याचा तोटा अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपकरण बसवण्यापूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात: माहिती घरातील यंत्रामार्फत जाते की मोबाइलमार्फत, ती रुग्णालयात कोण आणि किती दिवसांनी पाहते, आणि आज्ञावलीची सुधारणा आल्यास आपल्याला कोण कळवणार. यातला दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. उपकरणाचे ओळखपत्र वडिलांच्या पाकिटात कायम असू द्यावे, आणि मोबाइल उपकरण असलेल्या बाजूच्या छातीवरील खिशात न ठेवता त्यापासून किमान 15 सेंटिमीटर दूर ठेवावा.