तिबेटी वैद्यक म्हणजे आयुर्वेदाचेच दुसरे रूप आहे का?

नाही, पण नाते फार जवळचे आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदग्रंथाचा तिबेटी अनुवाद अकराव्या शतकात झाला आणि सोवा रिग्पा म्हणजेच तिबेटी वैद्यक परंपरेतील लुंग, त्रिपा व बेकेन हे तीन दोष वात, पित्त, कफ यांच्याशी जुळतात. मात्र मनगटावर तीन बोटे ठेवून एकेका बोटाखाली निरनिराळ्या अवयवांची नाडी पाहण्याच्या पद्धतीत चिनी वैद्यकाचा प्रभाव स्पष्ट जाणवतो. बाराव्या शतकात युथोक योन्तेन गोन्पो यांच्या परंपरेत ग्युशी हा मूलग्रंथ आकाराला आला. सतराव्या शतकात तिबेटचे कारभारी देसी सांग्ये ग्यात्सो यांनी त्यावर भाष्य लिहिले, ते समजावणारी ७९ चित्रे काढून घेतली (माझ्या मते हे वैद्यकशिक्षणातील अपूर्व काम आहे) आणि ल्हासाजवळ चाकपोरी विद्यालय स्थापले. ते १९५९ मध्ये उद्ध्वस्त झाले. १९६१ पासून धरमशाला येथील मेन-त्सी-खांग ही तिबेटी वैद्यक संस्था ती परंपरा जपते.