नर्सिंग शिकताना मिळणाऱ्या सन्मानांचा पुढे काही उपयोग होतो का?

तुम्ही तिसऱ्या वर्षाला आहात. कॉलेजच्या भिंतीवर सन्मान मिळालेल्या शिक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचे फोटो लागतात, पण पुढे नोकरीत ते कुणी विचारतं का, असा तुमचा प्रश्न आहे. मी बरीच वर्षं नर्सिंग शिकवते आहे, त्या अनुभवावरून सांगते.

उपयोग होतो, पण सगळ्याच सन्मानांचा नाही. मी आधी एकच बघते: तुमचं काम जवळून पाहिलेल्या माणसाने ते नेमकं लिहून दिलं होतं का? हजेरीची, पोस्टर स्पर्धेची प्रमाणपत्रं फाइलला लावा, त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

माझी एक विद्यार्थिनी दुसऱ्या वर्षाला सर्जिकल वॉर्डात होती. टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांच्या नोंदींच्या तक्त्यावर, जवळजवळ प्रत्येक पेशंटपुढे मिनिटाला श्वास २० लिहिलेला. नाडी मोजली जाते, ताप बघितला जातो, श्वास मात्र पुष्कळदा अंदाजाने टाकला जातो. तिने घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट मोजला. ऑपरेशन झालेल्या एका आजोबांचा २८ भरला. तिने पुन्हा मोजला, तेवढाच. ती तडक सिस्टरकडे गेली, डॉक्टरांना बोलावलं आणि आजोबांवर वेळेत उपचार झाले. तब्येत ढासळायला लागली की श्वास बऱ्याचदा आधीच वाढतो, हे आम्ही वर्गात शिकवतो. तिने ते खाटेपाशी करून दाखवलं.

वर्षअखेरीला पदकासाठी मी तिचं नाव सुचवलं तेव्हा लिहिलं होतं, 'कष्टाळू, प्रामाणिक, सेवाभावी.' निवड समितीने कागद परत पाठवला: असं सगळ्यांबद्दलच लिहून येतं. त्यांचं बरोबर होतं. मग मी वरचा प्रसंग वेळेसकट, आकड्यासकट लिहिला आणि तिची निवड झाली. पुढे मुलाखतीत तिला पदकाबद्दल कुणी काही विचारलं नाही. त्या २८ बद्दल मात्र बराच वेळ विचारत होते.

मोठ्या सन्मानांमध्ये मला सर्वात जवळचा वाटतो तो डेझी पुरस्कार. १९९९ मध्ये अमेरिकेत पॅट्रिक बार्न्स नावाचा ३३ वर्षांचा तरुण प्रतिकारशक्तीशी निगडित आजाराने गेला. नर्सेसनी त्याची जी काळजी घेतली तिचे आभार मानायचे म्हणून घरच्यांनी हा पुरस्कार सुरू केला. यासाठी पेशंट आणि नातेवाईक स्वतः नाव सुचवू शकतात. पुरस्कारासोबत झिंबाब्वेच्या कारागिरांनी हाताने घडवलेली दगडी मूर्ती मिळते आणि दालचिनीचे रोल वाटले जातात. आजारपणात पॅट्रिकची अन्नावरची वासना गेली होती तेव्हा त्याला तेच गोड लागले होते, आणि नर्सेसनाही आणून द्या असं त्याने सांगितलं होतं. नर्सिंगचे शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यासाठीही हा पुरस्कार आहे.

सिग्मा थीटा टाऊ ही नर्सिंगमधल्या गुणवंतांची संस्था तर १९२२ मध्ये इंडियाना विद्यापीठातल्या सहा विद्यार्थिनींनीच उभी केली. पदवीच्या विद्यार्थ्याला सदस्यत्व मिळायला निम्मा अभ्यासक्रम पूर्ण झालेला आणि क्रमांक वर्गातल्या वरच्या ३५ टक्क्यांत असावा लागतो. शिक्षकांना अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्सिंगची फेलोशिप, म्हणजे मानाचं सदस्यत्व, मोठी वाटते. तिथेही आधीच्या फेलोंनी तुमच्या कामाची शिफारस करावी लागते. रेडक्रॉसचं फ्लोरेन्स नाइटिंगेल पदक १९१२ मध्ये ठरलं, १९२० पासून दिलं जातं. दर दोन वर्षांनी जास्तीत जास्त ५० पदकं. युद्ध आणि आपत्तीतल्या सेवेबरोबर नर्सिंग शिक्षणातलं पथदर्शी कामही त्यात धरलं जातं. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं, कारण शिकवणं हे नर्सिंगच नव्हे असं मानणारे आमच्यातच पुष्कळ आहेत.

शिक्षकांचं एक सांगायचं राहिलं. वॉर्डात तुमच्या शेजारी उभं राहून पहिलं इंजेक्शन द्यायला शिकवणाऱ्या मॅडमचं काम तुमच्याशिवाय कुणी पाहिलेलं नसतं. विद्यार्थ्यांनी नाव सुचवायची सोय असेल तर तुम्हीच लिहा. 'छान शिकवतात' एवढंच नको. तुमचा हात थरथरत होता तेव्हा त्या काय म्हणाल्या, ते लिहा.

आणि स्वतःसाठी एक छोटी वही ठेवा. ड्युटी संपली की दोन ओळी: काय दिसलं, काय मोजलं, कुणाला कळवलं, पुढे काय झालं. पेशंटचं नाव किंवा खाटेचा नंबर मात्र त्यात कधीच लिहू नका.