गाडी रात्री कुठे उभी असते?

प्रश्न : मी शिक्षिका आहे. रोज कराड ते पाटण जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर होतात, महिन्या-दोन महिन्यांतून पुण्याला आईकडे फेरी असते. पेट्रोल गाडी दहा वर्षांची झाली. इलेक्ट्रिक घ्यावीशी वाटते, पण भाऊ म्हणतो, बॅटऱ्या दरवर्षी सुधारताहेत, दोन वर्षं थांब. थांबू का?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, घराशी गाडी उभी करता तिथपर्यंत स्वतःच्या मीटरवरून वायर नेता येत असेल, तर थांबू नका. येत नसेल, तर मात्र आत्ता घेऊ नका. रोज सार्वजनिक चार्जरवर ताटकळायचं आणि वर युनिटला जास्त दर मोजायचा, हे शाळा सांभाळून जमणार नाही.

भावाचं म्हणणं खरंच आहे. २०२० साली टाटाची इलेक्ट्रिक नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा तिची बॅटरी ३०.२ युनिटची (म्हणजे किलोवॉट-अवर, kWh) होती आणि एका चार्जमध्ये ३१२ किलोमीटर जाईल, असा कंपनीचा दावा. पुढे त्याच गाडीत ४५ युनिटची बॅटरी आली, दावा ४८९ वर गेला. अजूनही सुधारणा होतीलच. पण तुमचे सत्तर किलोमीटर त्या पहिल्या बॅटरीतही आरामात झाले असते! सुधारणांचा फटका बसतो तो गाडी विकताना, कारण नवी बॅटरी आली की जुन्या गाडीचा भाव पडतो. चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्याने याचा विचार जरूर करावा. तुम्ही दहा वर्षं वापरणाऱ्या आहात.

पेट्रोलला किलोमीटरमागे सात रुपये जात असतील, तर घरच्या विजेवर, युनिटला बारा रुपये धरले तरी, दोनच्या आत भागतं. तुमच्या रनिंगला वर्षाला पाऊण लाखाच्या आसपास वाचतील. दोन वर्षं थांबलात, तर दीड लाख जास्तीचे पेट्रोलमध्ये जातील.

बॅटरी शक्यतो एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची बघा. वजनाच्या मानाने वीज थोडी कमी साठवते, पण आपल्या उन्हाळ्यात आणि रोजच्या चार्जिंगला जास्त टिकते. वॉरंटी साधारण आठ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटर असते. बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेली की ती लागू होते, ते लेखी वाचून घ्या.

पुण्याचं स्पष्ट सांगतो. हायवेवर ताशी ९०-१०० ने ४५ युनिटची गाडी पावणेतीनशे ते तीनशे किलोमीटर धरावी. जाऊन-येऊन सव्वातीनशे होतात, म्हणजे एकदा फास्ट चार्जरवर थांबणं आलंच. चहा-नाश्त्याएवढा वेळ.

आणि वायरिंगमध्ये काटकसर करू नका. पंधरा अँपिअरचा सॉकेट रोज तीन-चार तास भरलोडवर चालणार. मीटरपासून वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी (जादा लोड आला की आपोआप पडणारा स्विच) आणि तपासलेलं अर्थिंग हवंच. पहिल्या रात्री तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल तर चार्जिंग बंद करून वायरमनला बोलवा.

बुकिंगआधी शोरूमकडून गाडी मागून घ्या, एसी लावून पाटणला जाऊन या आणि बॅटरी किती टक्के उतरली ते लिहून ठेवा. भावालाही सोबत न्या.