गुहेत मुक्काम टाकण्याआधी

भावा, पन्हाळ्याजवळच्या मसाई पठाराच्या बाजूला गुहेत मुक्काम करायचा म्हणतोस, तर उजेड असतानाच तिथं पोच. बॅटरीच्या झोतात गुहा नीट कळत नाही.

आधी छत बघ. आपल्याकडं पठारावर वर जांभा म्हणजे तांबडा दगड, खाली काळा बेसाल्ट. जांभा सच्छिद्र, त्यामुळं पाऊस थांबल्यावरही पाणी झिरपत राहतं. खाली पडलेले दगड हातात घे. कडा धारदार, तुटलेली बाजू ताज्या रंगाची, शेवाळाचा पत्ता नाही, म्हणजे ते नुकतेच वरून सुटलेत. कितीही दमला असलास तरी तिथं अंग टाकायचं नाही. भिंतीवर गाळाची रेघ किंवा कपारीत अडकलेल्या काटक्या दिसल्या, तर पावसाळ्यात पाणी तिथवर चढतं.

उग्र दर्प, ताजी विष्ठा, हाडं असली की गुपचूप मागं फिर. वर आग्या मोहोळ असेल तर थांबूच नकोस, धुरानं माश्या उठतात. चूल तशीही आत नको. धूर कोंडतो, तापलेला दगड तडकतो. पठाराजवळच्या पांडवदऱ्याच्या जुन्या लेण्यांत तर मुळीच नको, काजळलेल्या भिंती मला बघवत नाहीत.

राधानगरी अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही. आणि कुठंही जा, खालच्या वाडीत सांगून जा.