एसटी-लिंक हाती आलं, आता चार तारा नीट जोड

भाऊ, रावेरकडच्या केळीत ठिबकचा व्हॉल्व्ह आपोआप चालवायचा विचार झकास आहे. पण रिले आणि पंप सध्या बाजूला ठेव. आधी ब्ल्यू पिल या छोट्या एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर बोर्डावरचा, पीसी१३ पिनला जोडलेला एलईडी लुकलुकू दे. पिन लो (० व्होल्ट) केल्यावर तो पेटतो, उलटा वाटला तर घाबरू नकोस.

एसटी-लिंक म्हणजे बोर्डात कोड चढवायचं आणि डीबग करायचं (चुका शोधायचं) यूएसबी डोंगल. त्याच्या चारच तारा लागतात: एसडब्ल्यूडीआयओ (डेटा), एसडब्ल्यूसीएलके (क्लॉक), ग्राउंड आणि ३.३ व्होल्ट. स्वस्त डोंगलमध्ये पिनांचा क्रम बदलतो, म्हणून व्हिडिओतलं चित्र नको, तुझ्याच डोंगलच्या कवचावर छापलेलं वाच. बोर्डाला यूएसबीतून वीज देत असशील तर ३.३ ची तार काढ. ग्राउंडची कधीच नाही.

घोडं बहुतेक वेळा इथे अडतं:

- टार्गेट (बोर्डावरची चिप) सापडत नाही. तारा आखूड कर. तरीही नाही, तर एसडब्ल्यूडीचा (डेटा-क्लॉक या दोन तारांवरच्या जोडणीचा) वेग ४ मेगाहर्ट्झवरून ४८० किलोहर्ट्झवर आण.
- कोड एकदा चढतो, दुसऱ्यांदा नाही. क्यूबएमएक्समध्ये (चिपच्या पिना ठरवायचं एसटीचं सॉफ्टवेअर) डीबगला 'सीरियल वायर' निवडायचं राहिलं, त्यामुळे तुझ्याच कोडने एसडब्ल्यूडीच्या पिना बंद केल्या. बोर्ड मेलेला नाही! बूट० चा (चिप कुठून सुरू होते ते ठरवणारा) जंपर १ वर, रीसेट दाब, चिप पुसून टाक, जंपर परत ० वर.
- सीरियलवर (बोर्डाकडून लॅपटॉपवर येणाऱ्या मजकुरात) कचरा दिसतो. दोन्हीकडे बॉड रेट (पाठवायचा वेग) ११५२०० आहे का बघ.

डीबगरमध्ये सध्या ब्रेकपॉइंट लावणं (कोड ठरावीक ओळीवर थांबवणं) आणि व्हेरिएबल बघणं एवढंच शीक. लॉजिक अ‍ॅनालायझर (पिनांवरचे सिग्नल दाखवणारं यंत्र), आरटीओएस (अनेक कामं वेळेत सांभाळणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टीम) नंतर. आणि पंपाच्या स्टार्टरला जोडलेल्या बोर्डाला लॅपटॉप लावायचा नाही, टेबलावरच डीबग कर.